समुद्र अ‍ॅडजस्ट करत नाही!

मंडळी, आपल्या ऑफिसातला सगळ्यात लाडका शब्द कोणता, सांगा बघू. डेडलाइन? अप्रेझल? छे! आपला लाडका शब्द म्हणजे ‘अ‍ॅडजस्ट’. मीटिंग साडेपाचऐवजी सातला? अ‍ॅडजस्ट कर. दोघांचं काम एकाने? अ‍ॅडजस्ट कर. लोकलमध्ये तिघांच्या सीटवर चौथा? जरा अ‍ॅडजस्ट करा ना, भाऊ!

सुट्टीवर गेलो तरी ही सवय काही सुटत नाही. पाच दिवसांची रजा, पुढे-मागे एकेक वीकेण्ड, आणि त्या नऊ दिवसांत चार देश. सोमवारी पहाटे चारला एअरपोर्टवर उतरायचं, घरी बॅग फेकायची, आंघोळ करायची आणि साडेनऊला डेस्कवर. ‘पूर्ण वसूल’ सुट्टी ती हीच!

आता जरा वेगळी सुट्टी बघूया. हिच्यात हा फंडा चालत नाही. चालवायला गेलात, तर पैसे जातील हा मुद्दा बाजूलाच राहू दे, तब्येत जाईल. मी बोलतेय स्कुबा डायव्हिंगबद्दल. आणि जागा? भूमध्य समुद्रातला चिमुकला गोझो!

गोझो कुठे आलं?

इटलीचा बूट आठवा. त्या बुटासमोरचा दगड म्हणजे सिसिली. तिच्या खाली माल्टा. माल्टा हा देश म्हणजे मुख्यतः तीन बेटं : माल्टा, गोझो आणि मधलं पिटुकलं कोमिनो. अख्ख्या देशाचं क्षेत्रफळ ३१६ चौरस किलोमीटर. आपली मुंबई, शहर आणि उपनगर मिळून, याच्या जवळपास दुप्पट आहे! त्यात गोझो फक्त ६७ चौरस किलोमीटर. माल्टाच्या चिर्केवा धक्क्यावरून फेरीत बसायचं, साधारण २५ मिनिटांत पलीकडे.

आपल्यासाठी माल्टा तसं सोपं. १९६४ पर्यंत ब्रिटिशांचं राज्य, त्यामुळे इंग्रजी सगळीकडे चालते, गाड्या डावीकडून धावतात आणि प्लगसुद्धा चौकोनी तीन पिनांचे. त्यांची स्वतःची माल्टी भाषा मात्र अजब रसायन आहे. मूळ अरबी वळणाचं, लिपी रोमन. जगाला ते ‘दिन्या’ म्हणतात. आपली ‘दुनिया’च की! दोन्ही शब्दांचं माहेर अरबीच.

पण डायव्हिंगसाठी इथेच का? एक कारण इतिहासाचं. आज आपण जो स्कुबाचा सेट पाठीवर चढवतो, त्याचा पूर्वज याच समुद्रात पहिल्यांदा चालला. झाक-ईव्ह कुस्तो हा फ्रेंच नौदलातला अधिकारी आणि एमिल गान्यां हा इंजिनीअर, या जोडगोळीने १९४३ मध्ये ‘अ‍ॅक्वालंग’ बनवलं आणि फ्रान्सच्या भूमध्य किनाऱ्यावर कुस्तोने त्याच्या डाइव्हज केल्या. दुसरं कारण पाण्याचं. माल्टात मोठी नदी नाही, म्हणजे समुद्रात येणारा गाळ नाही. शिवाय या समुद्रात सूक्ष्म वनस्पतींना लागणारं पोषण कमी, त्यामुळे पाणी गढूळ होत नाही. चांगल्या दिवशी तीस मीटरपर्यंत आरपार दिसतं.

आता खरं सांगायचं तर याच कारणामुळे रंगीबेरंगी माशांचे थवेच्या थवे बघायचे असतील, तर इथे येऊ नका. त्यासाठी आपलं अंदमान आहे. अंदमानसारखी प्रवाळांची बाग इथे नाही. इथे आहेत गुहा, कमानी, बोगदे, बुडवलेली जहाजं आणि त्यांच्यावरून तिरकी उतरणारी उन्हाची तिरीप. मासेही भेटतात, म्हणजे ग्रूपर, बाराकुडा, नशीब जोरात असेल तर दगडाच्या फटीतून डोळे वटारणारा ऑक्टोपस. पण हीरो आहे तो दगड!

ब्लू होल आणि पडलेली खिडकी

गोझोच्या पश्चिमेला द्वेयरा नावाची जागा आहे. तिथे किनाऱ्याच्या खडकात समुद्राने स्वतःच विहीर खोदलीय. ‘ब्लू होल’. रुंदी साधारण दहा मीटर, खोली पंधराच्या आसपास. पाठीवर सिलिंडर, कमरेला शिशाची वजनं, अंगात जाड वेटसूट आणि पायाखाली खडबडीत चुनखडी. डाइव्हच्या आधी एवढं चालणं म्हणजे आपला सिंहगडच! पण एकदा पाण्यात शिरलात की सगळं ओझं गायब. विहिरीतून खाली जायचं, समोर एक मोठी कमान लागते, तिच्यातून बाहेर पडलं की एकदम उघडा समुद्र. निळा, निळा आणि नुसता निळा.

याच ब्लू होलच्या शेजारी ‘अझूर विंडो’ होती. समुद्रात उभी असलेली दगडी कमान. माल्टाच्या प्रत्येक पोस्टकार्डवर तीच. ८ मार्च २०१७ ला वादळात ती कोसळली. अख्खी. आता तिचे घराएवढाले तुकडे पाण्याखाली पडलेत आणि डायव्हर त्यांच्यामधून फिरतात. वर ज्या जागी लोक सेल्फी काढायचे, तिथे आता फक्त क्षितिज आहे.

जवळच ‘इनलँड सी’ आहे. कड्यांच्या कुशीतलं खाऱ्या पाण्याचं तळं, आणि त्यातून कड्याच्या पोटातून समुद्राकडे जाणारा सुमारे ऐंशी मीटरचा बोगदा. बोगद्यात वरून प्रवासी बोटी जातात, खालून तुम्ही.

आणखी अनुभव असेल तर जहाजं आहेतच. चिर्केवाजवळ २००७ मध्ये डायव्हरांसाठी मुद्दाम बुडवलेली ‘पी-२९’ ही गस्ती नौका आहे. माल्टाच्या दक्षिण किनाऱ्याजवळ ‘उम एल फरूद’ हा ११० मीटर लांबीचा टँकर आहे. याची गोष्ट मात्र मजेची नाही. १९९५ मध्ये गोदीत दुरुस्ती चालू असताना त्यात स्फोट झाला आणि नऊ कामगार गेले. १९९८ मध्ये तो टँकर समुद्रात बुडवला. आज त्याच्यावर फोटो काढताना ते नऊ जण आठवले, तर बरं.

‘नो लिहून टाक गं!’

आम्ही तिघं गेलो होतो. मी, माझी कॉलेजची मैत्रीण आणि तिचा बँकवाला नवरा. त्याने आणि मी अंदमानात कोर्स केलेला. मैत्रिणीचा हा पहिलाच अनुभव असणार होता.

स्कुबा शिकण्याआधी एक मेडिकल फॉर्म भरावा लागतो. हृदय, कान, फुप्फुसं, औषधं, सगळे प्रश्न. काही प्रश्नांना ‘यस’ लिहिलं की डॉक्टरांची सही आणल्याशिवाय कोणी पाण्यात उतरवत नाही. आमच्या मैत्रिणीला दमा. पर्समध्ये पंप कायम. निघण्याआधी दोन महिने तिच्या ऑफिसातल्या सगळ्या तज्ज्ञांचं एकमत झालं होतं, ‘‘नो लिहून टाक गं! कोण चेक करतंय?’’

खरंच, कोणी चेक करत नाही. हीच तर गोम आहे.

आता जरा विज्ञान. घाबरू नका, दहावीचंच आहे. पाण्यात दहा मीटर खाली गेलं की दाब दुप्पट होतो. वीस मीटरला तिप्पट, तीसला चौपट. दहा मीटरवर तुम्ही छाती भरून श्वास घेतला आणि तो तसाच कोंडून वर आलात, तर तीच हवा दुप्पट जागा मागते. फुप्फुसं काही फुगा नाहीत. म्हणून स्कुबाचा नियम नंबर एक : श्वास कधीही रोखायचा नाही. दम्यात काय होतं? तुम्ही श्वास सोडताय, पण आकसलेल्या नळ्यांमुळे आत कुठेतरी हवा अडकून राहते. वर येताना ती फुगते. फुप्फुस फाटू शकतं. हवेचा बुडबुडा थेट रक्तात शिरून मेंदूपर्यंत जाऊ शकतो.

तिने फॉर्म घेतला आणि सरळ आपल्या छातीच्या डॉक्टरांकडे गेली. दमा असलेल्या प्रत्येकालाच नकार मिळतो असं नाही, तपासण्या करून काहींना परवानगी मिळते. तिला मिळाली नाही. दोन दिवस ती कोणाशी धड बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘मी येतेय. तुम्ही खाली जा, मी वर तरंगते.’’

आणि तरंगली! इनलँड सीच्या काठाजवळ, पंप किनाऱ्यावर हाताशी ठेवून, मास्क आणि स्नॉर्केल लावून तासन्‌तास. पाणी इतकं स्वच्छ की तिला वरूनच सगळं दिसायचं. संध्याकाळी आम्ही दोघं मोठ्या फुशारकीने ऑक्टोपस सांगायला गेलो, तर बाईसाहेबांनी आमच्या आधीच दोन बघितले होते. त्यातला एक रंग बदलताना!

सोड्याची बाटली

खरा ड्रामा झाला शेवटून दुसऱ्या दिवशी.

आमचे चार दिवस डायव्हिंग झालं होतं, रोज दोन डाइव्हज. दुसऱ्या दिवशी पहाटे पावणेसातची फ्लाइट. दुपार मोकळी. बँकवाल्याने हिशेब मांडला : दुपारी तीनला एक शेवटची डाइव्ह, चारला बाहेर, रात्री फेरी, पहाटे एअरपोर्ट. ‘‘मस्त बसतंय की!’’

आमचा इन्स्ट्रक्टर पन्नाशीचा गोझोकर. उन्हाने रापलेला, बोलायला कमी. त्याने घड्याळ पाहिलं आणि मान हलवली. ‘‘नाही.’’

‘‘छोटीशी. दहा मीटरच्या खाली नाही जाणार.’’

‘‘नाही.’’

‘‘मी डबल पैसे देतो.’’

‘‘पैशांचा प्रश्नच नाही,’’ तो शांतपणे म्हणाला. ‘‘तू फ्लाइटची वेळ बदल. मग मी डाइव्हचं बघतो.’’

बँकवाला जाम वैतागला. मला म्हणाला, ‘‘याला कस्टमर सर्व्हिस कळतच नाही.’’ पण त्या माणसाला जे कळत होतं, ते आपल्यालाही कळायला हवं.

आपण श्वासात घेतो त्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन. एरवी तो येतो आणि जातो, शरीराला त्याचं काही देणंघेणं नाही. पण पाण्याखाली दाब वाढला की तो रक्तात आणि स्नायूंत विरघळायला लागतो. जितकं खोल आणि जितका वेळ, तितका जास्त. वर आल्यावर तो हळूहळू श्वासावाटे बाहेर पडतो. ‘हळूहळू’ हा शब्द अंडरलाइन करा. थम्सअपची बाटली आठवा. झाकण सावकाश फिरवलं तर फुस्स होऊन गप्प बसते. झटक्यात उघडली तर फेस थेट शर्टावर. घाईने वर आलेल्या डायव्हरच्या अंगात हाच फेस होऊ शकतो. याचं नाव डीकम्प्रेशन सिकनेस. सांधे ठणकतात, हातापायाला मुंग्या येतात, चक्कर येते, अंगावर चट्टे उठतात. जास्त झालं तर पाय लुळे पडतात.

म्हणून वर यायचा वेगसुद्धा ठरलेला, मिनिटाला नऊ मीटरच्या आतबाहेर. म्हणून पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं. आणि म्हणूनच लगेच विमानात बसायचं नाही. विमानाच्या केबिनमधली हवा जमिनीवरच्यापेक्षा विरळ असते, आठ हजार फुटांच्या डोंगरावर असते तितकी. म्हणजे बाटलीचं झाकण पुन्हा एकदा उघडलं! डायव्हिंगची साधी शिफारस अशी : एकच डाइव्ह केली असेल तर किमान १२ तास विमान नाही, अनेक दिवस किंवा दिवसाला अनेक डाइव्हज केल्या असतील तर किमान १८. बरीच सेंटर्स सरळ २४ तास धरतात. आमच्या हिशेबात चारपासून पावणेसातपर्यंत पावणेपंधराच तास होत होते.

अशी वेळ आलीच तर पहिला उपाय शुद्ध ऑक्सिजन, आणि मग दाबाच्या बंद खोलीत, म्हणजे रीकम्प्रेशन चेंबरमध्ये, तासन्‌तास उपचार. माल्टात माटेर देई या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात ही सोय आहे. पण पावणेसातच्या विमानात, समुद्रसपाटीपासून दहा किलोमीटर वर? तिथे नाही. इन्स्ट्रक्टरचा ‘नाही’ एवढ्यासाठी होता.

त्या दुपारी आम्ही जगान्तियाची मंदिरं बघितली. दगडांचे भलेमोठे चिरे, इसवी सनाच्या तीन हजार वर्षांहून आधीचे, इजिप्तच्या पिरॅमिडपेक्षा जुने. मग व्हिक्टोरिया गावातल्या किल्ल्याच्या तटावर बसून गरमागरम पास्तित्सी खाल्ल्या. खारी आणि करंजी यांचं लग्न लावलं तर जे होईल ते, आत वाटाणे किंवा रिकोटा चीज. समोर सगळं बेट दिसत होतं. बँकवाल्याने तीन खाल्ल्या आणि म्हणाला, ‘‘चार दिवसांत हे बेट मी वरून पाहिलंच नव्हतं.’’

आपल्याकडेही हेच

हे सगळं परदेशातलं म्हणून सोडून देऊ नका. आपल्या मालवण-तारकर्लीला सुट्टीत किती गर्दी असते! तिथे बहुतेक जण करतात ती ‘ट्राय डाइव्ह’. थोडं ट्रेनिंग, मग इन्स्ट्रक्टर हात धरून थोड्या खोलीपर्यंत नेतो. पण फॉर्म तिथेही भरायचा असतो आणि दमा तिथेही दमाच असतो. सर्दी असेल तर तिथेही उतरायचं नाही. खंडाळ्याचा घाट उतरताना कानाला दडे बसतात ना? पाण्यात तेच, पण पहिल्या दोन-तीन मीटरांतच आणि कितीतरी जोरात. नाक दाबून हलकेच फुंकर घालायची, कान मोकळे झाले तरच पुढे. नाही झाले तर थोडं वर यायचं. जोर लावला तर पडदा फाटतो.

आणि जे पूर्ण कोर्स करून खोल डाइव्हज करतात त्यांच्यासाठी एक गोष्ट. कोकणातून घरी यायचं म्हणजे घाट चढणं आलंच. आंबोली सुमारे सातशे मीटर उंचीवर आहे. सहाशे मीटरच्या वर चढायचं असेल, तर विमानाचाच नियम लागू होतो. दुपारी डाइव्ह आणि रात्री गाडी काढून थेट कोल्हापूर, असला प्लॅन नको. एक रात्र खालीच काढा. सोलकढी प्या, ताव मारून जेवा, समुद्राचा आवाज ऐका. त्यात काय वाईट आहे?

जायचंय? मग हे वाचा

◆ कधी : जून ते ऑक्टोबर. सप्टेंबर बेस्ट, पाणी २५-२६ अंश आणि ऑगस्टची गर्दी ओसरलेली. मार्चमध्ये पाणी पंधरा अंशांपर्यंत उतरतं, तेव्हा हौस जपून.

◆ व्हिसा : माल्टा शेंगेनमध्ये आहे. २०२४ पासून मोठ्यांसाठी फी ९० युरो. उन्हाळ्यातल्या अपॉइंटमेंट लवकर संपतात.

◆ कोर्स : आधी इथेच करा, अंदमानात किंवा तारकर्लीला. साधारण तीन-चार दिवस, समुद्रात चार डाइव्हज, आणि २०० मीटर पोहता यायला हवं. बेसिक ओपन वॉटर सर्टिफिकेटवर १८ मीटरपर्यंत जाता येतं. उम एल फरूद नीट बघायचं तर पुढचा अ‍ॅडव्हान्स्ड कोर्स हवा.

◆ इन्शुरन्स : शेंगेनसाठी किमान ३०,००० युरोंचं मेडिकल कव्हर लागतंच. पण त्यात स्कुबा धरलंय का, किती मीटरपर्यंत, ते बारीक अक्षरांत वाचा. नसेल तर डायव्हिंगचा वेगळा घ्या.

◆ खुणा : पाण्याखाली अंगठा वर म्हणजे ‘झक्कास’ नव्हे, ‘वर चला’! सगळं ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनीचा गोल करा. ऑफिसच्या ग्रुपवर अंगठे दाखवायची सवय किनाऱ्यावरच सोडा.

◆ प्लॅन : नऊ दिवसांत पहिला आणि शेवटचा प्रवासाचा. दुसऱ्या दिवशी आराम आणि एक सोपी डाइव्ह. मधले चार दिवस मनसोक्त. उरलेले दोन दिवस कोरडे, म्हणजे एक हवा बिघडली तर हाताशी आणि एक विमानाच्या आधीचा.

तो विमानाच्या आधीचा कोरडा दिवस रजेच्या फॉर्मवर आधी लिहा, बाकीचे नंतर. बॉसने विचारलं, ‘‘हा एक दिवस कमी करता येईल का?’’ तर गोड हसून सांगा, ‘‘सर, बाकी कुठलाही करा. हा नाही होणार!’’